नैवेद्यानंतरची दहा मिनिटं

देवाच्या आधी स्वयंपाकाला जीभ लावायची नाही, हा नियम कुणाला ठाऊक नाही? पण खानापूरहून गुंजीकडं जाताना लागणाऱ्या त्या गावात तो जरा जास्तच कडक पाळला जायचा. चूल सांभाळणाऱ्यांनी तर शेवटची पंगत उठेपर्यंत काही चाखायचं नाही. यात्रेला दीड हजार पानं उठायची. तीन पोती तांदूळ, चार पातेली आमटी आणि गव्हाची खीर, जिला तिकडं हुग्गी म्हणतात, हे सगळं नुसत्या अंदाजानं शिजायचं. मीठ पडलं की राहिलं, हे देवाला पहिलं कळायचं, आणि देव काही बोलत नाही.

नैवेद्याची घंटा वाजली की पहिली पंगत बसेपर्यंत दहा मिनिटं मिळायची. तेवढ्यात आरती, तीर्थ, पोरांना ओळीत बसवणं, म्हाताऱ्यांना भिंतीकडची जागा देणं असं सगळं उरकायचं. आणि त्याच दहा मिनिटांत चुलीच्या कोपऱ्यात, लोकांकडं पाठ करून, मष्णू घाडी जेवायचे.

मष्णू घाडी म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. बत्तीस वर्षं खानापूरच्या एका लाकडाच्या वखारीत ओंडके मापायचं काम केलं. कुऱ्हाडीची मागची बाजू ओंडक्यावर एकदा आपटली की आत पोकळ आहे की भरीव, हे ते सांगायचे. आता सत्तरी ओलांडलेली. अंगावर मांस म्हणून नाही, डोक्याला पांढरी टोपी आणि हातात स्वतःचा स्टीलचा तांब्या. पत्रावळीवर वाढलेलं सगळं खायचं, पान पुसून घ्यायचं, ते स्वतः उचलून टाकायचं, हात धुवायचे आणि मग स्वयंपाक्याजवळ जाऊन त्याच्या कानात काहीतरी सांगायचं. बस्स. मग पंगतीला वाढप सुरू.

ते कानात काय सांगतात, याची गावाला भारी उत्सुकता. देवळाच्या कमिटीचे मारुतीराव एकदा ऐकायला म्हणून मुद्दाम पातेल्याआड उभे राहिले आणि धुरानं डोळे चोळत परत आले. स्वयंपाक्यांना विचारलं तर ते नुसते हसायचे. चाळीस वर्षांत एकानंही सांगितलं नाही. गावात कुणाच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, पण हे राहिलं खरं.

रचनाला मात्र असलं काही न कळता राहिलं की चैन पडत नसे. चौकशी करायची तिची खोड लहानपणापासूनची. दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तरी तिला कारण हवं. खानापूरहून सकाळच्या गाडीनं ती बेळगावला जायची, तिथल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचा स्वयंपाक तिच्याकडं होता. त्या कॅन्टीनच्या भिंतीवर एक पेटी टांगलेली होती, जेवणाबद्दल काय वाटलं ते लिहून टाकायला. ‘आमटी पातळ.’ ‘चपाती की पापड?’ ‘स्वयंपाकी बदला.’ खाली नाव कुणाचंच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं इथं उचललं पेन आणि टाकली चिठ्ठी. परतीच्या गाडीत रचना त्या चिठ्ठ्या वाचायची. त्यातून लोक चिडलेत एवढं कळायचं, उद्या काय वेगळं करायचं ते कधीच कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वी गावचे जुने स्वयंपाकी थकले, तेव्हा रचनानं गावातल्या आठ बायका जमवल्या आणि यात्रेची चूल अंगावर घेतली. “बायकांच्या हातनं दीड हजार पानं? बगू की,” असं मारुतीराव म्हणाले होते. त्यांच्या ‘बगू की’चा अर्थ काय असतो तो गावाला पाठ होता.

पहिल्याच वर्षी भाताचं एक पातेलं खाली लागलं. रचनाला ते वासानंच कळलं. मष्णूआप्पा जेवले, पान टाकलं, हात धुतले, आणि तिच्या कानाशी आले.

“भात वरनं झ्याक मोकळा झालाय,” ते म्हणाले. “खालची चार बोटं सोड. डाव खोल घालू नकोस.”

एवढंच. वरचा भात पंगतीला गेला, कुणाला पत्ता लागला नाही. रचना वाट बघत होती की आता आप्पा आणखी काहीतरी बोलतील. ते तांब्या उचलून घरी गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ते तिच्या दारात हजर. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, आणि मग त्यांनी विचारलं, “त्या दुसऱ्या चुलीत कसलं लाकूड हुतं गं?”

रचनानं आठवून सांगितलं, की मिलमधून आणलेल्या सागाच्या चिपा होत्या.

“चिपा भडाभडा जळत्यात. पाण्याला आधण येईस्तवर चालत्यात. तांदूळ घाटला की जांभळाचं जाड लाकूड सारायचं, त्ये दमानं जळतंय.”

“मग आप्पा, त्याच दिशी का न्हाय सांगिटलासा?”

“त्या दिशी सांगून काय, लागल्याला भात परत वर येणार हुता? तू नुसती रडली असतीस. धा मिन्टांत जे दुरुस्त हुतंय तेवढंच धा मिन्टांत सांगायचं. बाकीचं तिसऱ्या दिशी.”

“तिसऱ्याच दिशी का?”

“दुसऱ्या दिशी माणूस दमल्यालं असतंय. चौथ्या दिशी इसरतंय.”

रचना त्या रात्री बराच वेळ हसत होती. कॅन्टीनच्या पेटीत वर्षभर पडलेल्या चिठ्ठ्या एका पारड्यात आणि हे जांभळाचं लाकूड एका पारड्यात, अशी तिनं मनात तुलना केली आणि जांभळाचं लाकूड जड निघालं. पण त्याचबरोबर तिच्या डोक्यात भुंगा सुरू झाला. ही रीत आप्पांना शिकवली कुणी? असं कुणी आपोआप होत नाही. तिनं विचारलं तर ते “हुतंय वयानं” म्हणून उठून गेले. तेव्हा ती त्यांच्या बायकोकडं, मालुबाईंकडं गेली आणि पावटा सोलायला बसली. बायकांकडून काही काढून घ्यायचं तर आधी त्यांच्या सुपात हात घालावा लागतो, हे तिला माहीत होतं.

दोन पायल्या पावटा सोलून झाल्यावर मालुबाईंनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी गावात नागोजी म्हणून स्वयंपाकी होता. एका यात्रेला पंगत भरलेली असताना मष्णू, तेव्हा तिशीतला गडी, पहिला घास घेऊन मोठ्यानं ओरडला, “आमटी हाय का समुद्र?” सगळी पंगत हसली. नागोजीनं हातातला डाव पातेल्यावर आडवा ठेवला, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि चालत घरी गेला. त्यानंतर त्यानं गावची चूल कधी पेटवली नाही.

“ह्येंचं जेवान उडालं,” मालुबाई म्हणाल्या. “तिसऱ्या दिशी गेले त्येच्या घरला, पाया पडायला. तर त्यो म्हनला, खारट हुतीच रं. पर चुलीम्होरं यिऊन कानात सांगिटला असतास तर बिनमिठाची डाळ वतली असती की. लोकांनी ग्वाड करून खाल्ली असती.”

रचनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. एवढा भला माणूस एवढं वाईट बोलून मग भला झाला, याचं तिला वाईटही वाटलं आणि कुठंतरी बरंही वाटलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यंदाच्या माघात देवळाचा वर्धापनदिन आला. पानं चारशेच, म्हणजे रचनाच्या बायकांना हातचा मळ. घंटा वाजली, मष्णूआप्पा जेवले, आणि कानात म्हणाले, “फोडणी झ्याक बसलीया. मीठ लई कमी पडलंय. दोन वंजळी घाल.”

रचना क्षणभर थबकली. मीठ तिनं स्वतः मापून घातलं होतं. पण चाळीस वर्षांची जीभ समोर उभी असताना आपलं माप कोण धरून बसणार? तिनं दोन ओंजळी मीठ घातलं, ढवळलं, आणि वाढप सुरू झालं.

दुसऱ्या पंगतीलाच ताक संपलं. लोक घासाघासाला पाणी मागत होते. रचनाला तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि तीच तर पंचाईत, कारण सगळे एकमेकांना बोलत होते. संध्याकाळी गावच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी समुद्राचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजचा महाप्रसाद’. त्यावर सत्तावन्न जण हसले. रचनानं उरलेली आमटी घरी नेऊन भातावर घेतली. घास गिळवेना. आधी तिला रडू आलं, मग राग आला, आणि मग नेहमीसारखा प्रश्न आला. आप्पांची एवढी चूक होईलच कशी?

रविवारी देवळात मीटिंग बसली. मारुतीराव म्हणाले, “यात्रेला बेळगावचा केटरर सांगूया. एवढं मीठ टाकलं कुणी, त्ये तरी कळू दे.”

खांबाजवळ बसलेले मष्णूआप्पा उठले. “आमटी चांगली हुती,” ते ठासून म्हणाले. “हल्ली लोकांच्या जिभा बिघडल्यात.”

सगळे हसले. आप्पा पोरीवर पांघरूण घालतायत, असं सगळ्यांना वाटलं. पण रचना त्यांच्या तोंडाकडं बघत होती. पांघरूण घालणारा माणूस असा दिसत नाही. आप्पांना खरंच ती आमटी चांगली लागली होती, हे तिला त्या घडीला कळलं.

आता बघा तिची अडचण. ‘मला आप्पांनीच सांगिटलं,’ एवढं एक वाक्य बोललं की आठ बायकांची चूल वाचत होती. खोटंही नव्हतं ते. पण भरल्या देवळात ते बोलायचं म्हणजे नागोजीचा डाव पुन्हा एकदा पातेल्यावर आडवा पडणार, आणि या खेपेला तो आप्पांच्या हातातून. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“मीठ माझ्या हातनं पडलं,” ती म्हणाली. “यात्रेला असं हुणार न्हाय.”

मारुतीरावांनी चष्मा काढून पुसला. “ही शेवटची संधी. यात्रेच्या आमटीला कुणी नावं ठेवली, तर पुढल्या वर्षीपासनं चूल भायेरच्याची.”

मीटिंगनंतर तिसऱ्या दिवशी रचना आप्पांच्या घरी गेली. आजवर ते तिच्याकडं यायचे, आज ती निघाली होती, आणि वाटेत तिनं तीनदा परत फिरायचा विचार केला. आप्पा सोप्यात ताक पीत बसले होते. बोलता बोलता त्यांनी मिठाचं भांडं ओढलं आणि एक चिमूट, दुसरी, तिसरी, अशा मोजून पाच चिमटी तांब्यात टाकल्या.

“हल्लीच्या मिठात दमच न्हाय,” ते म्हणाले.

मालुबाईंनी एकदा रचनाकडं बघितलं आणि मग भिंतीकडं बघितलं. मागच्या दारी रचनानं त्यांना गाठलं. “आक्का, कवापासनं?”

“दिवाळीत ताप आलता न्हवं का, तवापासनं. वासबी कळंना झालाय. दूध उतू गेलं तरी बसून ऱ्हात्यात. आमटीत मीठ वाढवून मागत्यात, आन् मी पानी घालून खातेय.”

“मग सांगिटलासा न्हाय त्यास्नी?”

“आख्ख्या गावाला मीठ सांगनाऱ्याला मी काय सांगू गं?”

म्हणजे चार महिने ही बाई तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती. रचना परत सोप्यात आली. आप्पांच्या समोर बसली. चांगलं काय ते आधी सांगावं, तेही खरंखुरं, हे ती त्यांच्याकडूनच शिकली होती. जांभळाच्या लाकडानं तेव्हापासून एकदाही भात लागला नाही, कॅन्टीनच्या शेगडीवरही ती आता आच दमानं ठेवते, हे तिनं सांगितलं. मग विचारलं, “आप्पा, त्या दिशी मीठ घालायच्या आदी तुमास्नी आमटी कशी लागली?”

“आळणी.”

“आन् न्हंतर?”

“बरोबर.”

“उरल्याली मी घरला नेऊन खाल्ली, आप्पा. मला गिळवली न्हाय.” तिनं मिठाचं भांडं जरा बाजूला सारलं. “आमटी खारट हुती. लोकांच्या जिभा बिघडल्या न्हाईत. दिवाळीतल्या तापानं तुमची चव गेलीया. माझ्या कॅन्टीनमधल्या एकाची अशीच गेलती. बेळगावात नाका-घशाचा डॉक्टर हाय, मी संगं येते.”

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. “तू मला चव शिकवायला आलीस?” ते सावकाश म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले. म्हशीला उगाच हाकलल्याचा आवाज आला. रचना उठून घरी आली. तिनं काहीच वावगं केलं नव्हतं आणि तरी तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. एवढ्या जपून सांगितलेलं असं उलटलं, मग आप्पांचं चाळीस वर्षांत कधीच कसं उलटलं नाही? की उलटलं होतं, आणि तेही असेच घरी येऊन बसले होते? हे विचारायची सोयसुद्धा आता राहिली नव्हती.

चार दिवसांनी मालुबाई पाणवठ्यावर भेटल्या. “कुनासंगं बोलंनात,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरचं नाव काढलं तर उठून जात्यात. पर मिठाचं भांडं काय ओढंनात. मी वाढते तेवढंच, गुमान खात्यात.” रचनाला यातून काय घ्यावं ते समजेना.

चैत्रात यात्रा आली. पहाटेपासून चुली पेटल्या. रचनानं मीठ दोनदा मापलं, राजश्रीकडून तिसऱ्यांदा मापून घेतलं. राजश्री तिच्या आठ बायकांतली सगळ्यात चोख. तरीही धाकधूक होतीच, कारण जीभ लावता येत नव्हती. आणि आप्पा आलेच, आणि म्हणाले दोन ओंजळी घाल, तर? ऐकलं तर चूल गेली, नाही ऐकलं तर माणूस गेला.

घंटा वाजली. कोपऱ्यात पत्रावळ मांडलेली होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मारुतीराव घड्याळाकडं बघायला लागले. तिसऱ्या मिनिटाला मष्णूआप्पा देवळाच्या दारातून आत आले, आणि त्यांच्या मागून, इरकल नेसलेल्या, पदर डोक्यावर घेतलेल्या मालुबाई.

“आणखी एक पान मांड,” आप्पा म्हणाले.

कुजबुज झाली. पहिल्या पानावर बाई कधी बसली नव्हती. आप्पांनी कुणाकडं बघितलं नाही. दोघं शेजारी बसले आणि जेवू लागले. आप्पांचं लक्ष आज पानावर नव्हतं, ते बायकोच्या तोंडाकडं बघत होते. मालुबाई शांतपणे सगळं जेवल्या, पान पुसलं, आणि मग नवऱ्याकडं झुकून त्याच्या कानात काहीतरी बोलल्या. आजवर दुसऱ्यांच्या कानाशी लागलेला तो माणूस आपला कान पुढं करून बसला होता.

आप्पा हात धुऊन तिच्याजवळ आले. “आमटी बरोबर हाय. हात लावू नकोस,” ते कानात म्हणाले. “हुग्गीचं काय त्ये तिसऱ्या दिशी.”

मग ते घरी जायला निघाले नाहीत. वळून थेट पंगतीसमोर गेले. चारशे माणसं पानावर बसलेली. आप्पा टोपी काढून उभे राहिले आणि मोठ्यानं बोलले. पंगतीत असा आवाज त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी एकदाच काढला होता.

“मंडळी, वर्धापनदिनाची आमटी ह्या पोरीनं न्हाय, मी खारट केली. मीठ घाल म्हणून मी सांगिटलं. माझी चव गेलीया. तिनं तुमच्याम्होरं माझं नाव घेटलं न्हाय. आजची आमटी मालूनं चाखलीया. जेवा आता.”

समुद्राचा फोटो टाकणारा कोण होता ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिसऱ्या ओळीतल्या एकानं मान फारच खाली घातली होती. मारुतीराव जागचे उठले. रचनाला वाटलं, आता हे भाषण करणार. त्यांनी धोतर खोचलं, आमटीची बादली उचलली आणि पहिल्या पानापासून वाढायला सुरुवात केली. चूल कुणाची, हा विषय त्यानंतर निघाला नाही.

शेवटची पंगत उठली तेव्हा उन्हं उतरली होती. बायका पातेली घासत होत्या. आप्पा आणि मालुबाई चुलीच्या कोपऱ्यात चहा घेत बसले होते. रचना राख भरायला म्हणून त्यांच्या मागं गेली. खरं तर राख भरायची तशी काही घाई नव्हती.

“अगं,” आप्पा हळू आवाजात बायकोला विचारत होते, “एवढे दिस घरातलंबी खारटच हुतं व्हय?”

मालुबाईंनी चहाचा घोट घेतला.

“त्ये तिसऱ्या दिशी सांगते,” त्या म्हणाल्या.